मागितलेली जीभ

इस्पितळाच्या धुलाईखान्यात आक्काच्या तोंडाला सगळेच वचकून असत. वाफेच्या रोलरमधून चादर बाहेर आली की दोघींनी दोन टोकं धरायची, झटकायची, दुमडायची आणि गठ्ठ्यावर टाकायची. हे काम हात आणि तोंड दोन्ही चालवत करायचं. पण धाकटा भाऊ गेल्यापासून आक्कासमोर उभी राहणारी बाई मुकाट्याने चादर धरायची. आक्काचे ओठ सारखे हलत असत. नव्या आलेल्या बाईला वाटे, काय देवभोळी बाई आहे! जुन्या बायकांना ठाऊक होतं की आक्का देवापाशी एका माणसाचं वाटोळं मागते आहे.

तो माणूस त्याच इस्पितळात होता. दिवे, पंप, लिफ्ट, सगळी यंत्रं त्याच्या हाताखाली. चर्चच्या मंडळीने त्याला पंच नेमलं होतं, म्हणून इस्पितळातही सगळे त्याला पंच म्हणत. धाकटा त्याच्या हाताखाली लिफ्ट दुरुस्त करायचा.

आई गेली तेव्हा धाकटा अजून झबल्यात होता. आक्काने त्याला अंगाखांद्यावर वाढवलं, त्यापायी स्वतःचं लग्न राहून गेलं, आणि कुणी त्यावरून हळहळलंच तर ती म्हणायची, "लग्न करून काय मिळतं? पोरच ना? ते आहे की माझ्यापाशी." पोर मोठं झालं, कामाला लागलं, चर्चमध्ये गाऊ लागलं. त्याचा आवाज चढला की आक्का आजूबाजूच्यांची तोंडं बघायची.

एका दुपारी धाकटा लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता. वरून कुणीतरी ओरडलं, पेशंट खाली न्यायचाय, लिफ्ट का बंद आहे? पंचाने बटण दाबलं.

चौकशी झाली. पंचाने सांगितलं की बटणावर 'काम चालू आहे'ची पाटी नव्हती. शिवाय, सांगायला जीभ रेटत नाही, पण पोराच्या तोंडाला दारूचा वास येत होता.

धाकटा दारूला शिवत नसे. सर्दीच्या औषधानेसुद्धा त्याला गरगरायचं. आक्काने हे घसा फोडफोडून सांगितलं, पण ती पडली बहीण, आणि समोर पंच. दफनाच्या दिवशी माणसं तिचा हात हातात घेऊन म्हणत होती, "पोर सोन्यासारखं होतं हो. पण..." तो 'पण' आक्काच्या काळजात घुसला आणि तिथेच राहिला. वर कडी म्हणजे कबरीशी प्रार्थनाही पंचानेच केली. वाट चुकलेल्या या भावाला पदरात घे, असं तो देवाला गहिवरून सांगत होता. आक्काने ओठ इतका घट्ट चावला की रुमाल लाल झाला.

पुढे काही आठवड्यांनी पाळकांनी उपासनेत विधवेची गोष्ट सांगितली. निगरगट्ट न्यायाधीश, त्याच्या दारात रोज येऊन उभी राहणारी ती बाई, आणि शेवटी तिच्या तगाद्याला कंटाळून त्याने केलेला न्याय. पाळकांचं म्हणणं होतं की प्रार्थना करताना खचून जाऊ नये. आक्काने त्यातून एवढंच उचललं, की हात धुऊन मागे लागलं की देवसुद्धा ऐकतो.

दुसऱ्या दिवसापासून ती कामावर जाण्याआधी चर्चमध्ये जाऊ लागली. शेवटचा बाक, भिंतीकडची कड. थंडी असो, ताप असो, तिने खाडा केला नाही. गुडघे टेकायची आणि मागायची. तिची मागणीही कशी, अगदी नेमकी. "देवा, मला त्याचे हातपाय नकोत. त्याचं घरदार नको, बायको विधवा व्हायला नको, तिने माझं काही केलेलं नाही. ज्या जिभेने तो खोटं बोलला ती जीभ तेवढी झडू दे. लोकांसमोर झडू दे. आणि मला तिथे हजर ठेव."

एकदा पाळक मेणबत्त्यांचं मेण खरवडत होते. त्यांच्या कानावर शेवटचे शब्द पडले. ते जवळ येऊन बसले. "आक्का, आपल्याला वैऱ्यासाठी प्रार्थना करायला सांगितलंय."

"करतेच आहे की," आक्का म्हणाली. "त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणासाठी करतच नाही मी."

पाळकांना हसू आलं. ते त्यांनी दाबलं, पण आक्काला दिसलंच.

असे दोन हिवाळे गेले. पंच पहिल्या बाकावर बसत होता आणि दर रविवारी उभा राहून मंडळीच्या वतीने प्रार्थना करत होता. त्याची प्रार्थना ऐकायला लोक मुद्दाम लवकर येत. आजारी, अनाथ, राज्यकर्ते, प्रवासी, सगळे त्याच्या प्रार्थनेत एकामागून एक येत. आक्का मागून त्याच्या मानेकडे बघत राही. मान चांगली जाड होती, कॉलर इस्त्रीची होती. देव काय बघतोय, असं तिला वाटे.

मग एका रविवारी तो नेहमीसारखा उभा राहिला. "हे प्रभू," म्हणाला. थांबला. "हे प्र..." लोकांना वाटलं, गहिवरून आलं. "हे... हे... हे..." त्याचं तोंड एका बाजूला ओघळलं, हात बाकाची कड शोधत राहिला आणि तो बायकोच्या अंगावर कोसळला.

चर्चभर धावपळ उडाली. आक्का जागेवरच उभी होती. तिच्या मनात सगळ्यात आधी आला तो आनंद. लख्ख, ताजा, पोट भरून टाकणारा आनंद. झडली! सगळ्यांसमोर झडली, आणि मी इथे हजर आहे. ती घरी आली, जेवायला बसली आणि दोनदा वाढून घेतलं. रात्री तिला गाढ झोप लागली.

पंच वाचला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. काम सुटलं, तो घरी बिछान्यावर पडला. धुलाईखान्यात आक्का चक्क गाणं गुणगुणत चादरी झटकू लागली. समोरच्या टोकाला एक ठेंगणी, चटपटीत बाई असे, तिला सगळ्या चिमणी म्हणत. तिलाही धीर आला आणि ती पुन्हा बडबडू लागली. बोलता बोलता म्हणाली, "बरं झालं म्हणा, पण एक वाटतं हं आक्का. त्या वेळी तिथे ते दोघंच होते. पाटी होती का नव्हती, आता कोण सांगणार?"

आक्काच्या हातातलं टोक सुटलं. चादर ओल्या फरशीवर पडली.

चिमणी बोलून गेली ते खरंच होतं. धाकट्याच्या बाजूचं सत्य सगळ्या जगात एकाच माणसाच्या तोंडात होतं, आणि आक्काने देवाच्या हातापाया पडून तेच तोंड बंद करून घेतलं होतं.

त्या संध्याकाळी ती चर्चमध्ये गेली ती भांडायलाच. "मी मागितलं आणि तू दिलंस! इतकं शब्दशः ऐकायचं असतं? त्या दुपारी बातमी ऐकून मी खड्ड्याशी धावले, धाकटा वर यावा म्हणून किंचाळत होते, तेव्हा कुठे होते तुझे कान?" बराच वेळ ती बडबडली, रडली. मग नाक पुसलं आणि नवी मागणी घातली. "आता ती जीभ परत दे. फक्त एकदा त्याला खरं बोलू दे, सगळ्यांदेखत. मग पुन्हा घे हवी तर. पण तोवर मी तुला सोडत नाही."

म्हणजे दुसऱ्या दिवसापासून आक्का, दातओठ खात का होईना, पंच बरा व्हावा म्हणून रोज प्रार्थना करू लागली.

देवावर भिस्त टाकून नुसतं बसणाऱ्यांतली ती नव्हती. एका दुपारी कामावरून सुटल्यावर ती थेट पंचाच्या घरी गेली. इस्पितळामागच्या चाळवजा इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. दार पंचाच्या बायकोने उघडलं. सडपातळ, डोळ्यांखाली काळं, हाताला औषधाचा वास. आक्काला बघून ती दारातच थबकली.

"वहिनी, त्यांना बोलायला शिकवणारं कोणी येतं का?"

"इस्पितळातून एक मुलगी यायची. आता नाही येत." मग ती म्हणाली, "आता कुणीच नाही येत."

"मी येत जाईन," आक्का म्हणाली.

पंच उशांना टेकून बसला होता. तिला बघताच त्याच्या डोळ्यांत भीती उतरली. ती आक्काला बरी वाटली. तिने खुर्ची पुढे ओढली आणि अगदी गोड आवाजात सुरुवात केली. "म्हणा, पाटी."

"बा... बा..."

"पा. ओठ मिटा. पा-टी."

शिकवणं कसलं, रोजची झडतीच होती ती. पाटी, दारू, खोटं, मी. आक्काने निवडून काढलेले शब्द. हो-नाही विचारावं तर तो दोन्हीला मान हलवायचा. लिहून घ्यावं तर हात उजवाच गेलेला. तोंडातून लाळ गळायची, घाम फुटायचा, कधी भलताच शब्द यायचा. पाटीच्या जागी 'बाटली' म्हणाला तेव्हा आक्काने खुर्चीचा हात गच्च आवळला. पण ती उठली नाही. रोज तोच शब्द, तीच खुर्ची. आतल्या खोलीत त्याच्या बायकोचा वावर ऐकू यायचा. ती कधी मध्ये पडली नाही. चहाचा कप आणून ठेवायची आणि जायची.

ही गोष्ट मंडळीत पसरायला वेळ लागला नाही. ज्याच्यामुळे भाऊ गेला त्याच्याच उशाशी ही बाई रोज बसते! बायका तिचे हात हातात घेऊ लागल्या. "आक्का, तुमच्याकडून शिकावं." एका रविवारी तिला पुढे बोलावून पंचासाठी प्रार्थना करायला सांगितलं. ती उभी राहिली, पंच जिथे उभा राहायचा तिथेच. आवाज आपोआप खणखणीत लागला. त्याला वाचा दे, असं ती म्हणाली तेव्हा पुढच्या बाकावर कुणीतरी हुंदका दिला. आक्काला बरं वाटलं. तिच्या मनात आलं, हे लोक इतकी वर्षं कुणाची प्रार्थना ऐकायला येत होते, आणि आज कुणाची ऐकतायत! मी काही त्याच्यासारखी नाही. हे मनात आलं आणि तिची मान किंचित ताठ झाली. ते तिचं तिलाच जाणवलं. जागेवर परत येताना ती कुणाच्याच नजरेला नजर देऊ शकली नाही.

पंचाला एक गोष्ट मात्र सबंध येत होती. लहानपणापासून घोकलेली प्रभूची प्रार्थना. साधं पाणी मागता यायचं नाही, पण बायकोने सुरुवात करून दिली की ती प्रार्थना त्याच्या तोंडून घडाघडा बाहेर पडायची. आक्काच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. देवाशी बोलायला जीभ वळते, खरं बोलायला तेवढी वळत नाही!

एक दिवस 'पाटी' काही केल्या येईना. आक्का थकली होती, रोलरने मनगट भाजलं होतं. चिडून ती म्हणाली, "बरं, येतं तेच म्हणा." आणि तिने स्वतःच प्रार्थना सुरू केली. दोघं एका सुरात म्हणू लागली. त्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितल्यावर पुढे क्षमेची ओळ येते. आम्हीही आमच्या अपराध्यांना क्षमा केली आहे, असं त्यात आपणच आपल्याबद्दल सांगायचं असतं. धाकट्याला पुरल्यापासून आक्काने ती ओळ एकदाही उच्चारली नव्हती. तिथे आलं की ती तोंड मिटायची. आताही मिटलं.

पंचाचा आवाज ओळीच्या मध्यापर्यंत एकटाच गेला. मग तोही थांबला. त्याने आक्काच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं. ठरीव वाटेवर घसरत जाणारी त्याची जीभ अशी मधेच कधी थांबली नव्हती. त्याचा डावा हात पांघरुणावर वळवळू लागला. चेहरा पिळवटला.

"पा," तो म्हणाला. "पा... टी."

आक्का पुढे वाकली. 'म्हणा' वगैरे कुठल्या कुठे गेलं. "म्हण! पुढे म्हण!"

"पाटी... होती." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंडातूनही. "मी... का... काढली. वर... वर आला. वाटलं." मोठा श्वास. "नव्हता."

धाकटा वर आला आहे असं त्याला वाटलं होतं. घाईत त्याने बघितलं नाही.

"आणि दारू?"

तो हुंदके देऊ लागला. "खो... टं."

आक्का खुर्चीत मागे टेकली. दारात त्याची बायको उभी होती, हातात कप तसाच. तिने सगळं ऐकलं होतं. ती वळली आणि आत गेली.

"रविवारी," आक्का म्हणाली. "चर्चमध्ये. सगळ्यांसमोर."

पंचाने डोळे मिटले आणि मान हलवली. या वेळी ती कशासाठी हलली याबद्दल शंका नव्हती.

रविवारी त्याला खुर्चीतून नेलं. एका बाजूने बायकोने, दुसऱ्या बाजूने आक्काने धरून उभं केलं. त्याचं सगळं वजन आक्काच्या खांद्यावर आलं होतं. तेच मोजके शब्द, तुटत तुटत, मध्ये लांब लांब शांतता. पाटी होती. मी काढली. दारू नव्हती. खोटं. शेवटचा शब्द निघाला तेव्हा मागच्या बाकावरून कुणाचा तरी रागाचा उद्गार आला, आणि मग सगळं चर्च पोळं फुटल्यासारखं घोंघावू लागलं.

आक्काला हवं होतं ते सगळं मिळालं. इस्पितळाच्या साहेबांनी तिला बोलावून माफी मागितली. 'पण' म्हणणारे एकेक करून घरी आले आणि खाली मान घालून बसले. पंचाचं पद गेलं. त्याची बायको बाजारात दिसली की बायका रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ लागल्या. आक्काला हे गोड लागलं नाही म्हणावं तर ते खोटं ठरेल. लागलं. चार दिवस ती धाकट्याच्या फोटोसमोर बसून त्याला सगळं सांगत होती, कोण काय म्हणालं, कुणाचं तोंड कसं पडलं.

पाचव्या दिवशी सकाळी ती सवयीने चर्चमध्ये गेली, गुडघे टेकले, आणि तिच्या लक्षात आलं की मागायला काही उरलं नाही. इतक्या दिवसांत देवाशी तिचं बोलणं एका माणसावरूनच होत होतं. तो मधून काढल्यावर ती आणि देव एकमेकांसमोर अनोळखी पाहुण्यांसारखे बसले होते. आठवत गेलं ते नको नको ते. बाकाची कड चाचपडणारा हात. तेव्हा आपल्या पोटात फुललेला आनंद. लोकांसमोर ताठ झालेली आपली मान. तिला तोंड वर करवेना.

पाळक बाजूच्या दाराने आत आले. तिने तिथूनच विचारलं, "पाळकसाहेब, वाईट मनाने केलेली प्रार्थना देव ऐकतो का हो?"

"ऐकत असावा," पाळक म्हणाले. "नाहीतर माझ्या किती वाया गेल्या असत्या."

"चेष्टा करू नका."

"चेष्टा नाही आक्का." एवढंच बोलून ते खिडक्या उघडायला गेले.

दुपारी काम सुटल्यावर आक्काचे पाय पंचाच्या घराकडे वळले. जिना चढताना दोनदा तिने परत फिरायचं ठरवलं. दार उघडलं गेलं. वहिनी आणखी वाळली होती.

"आता काय राहिलंय?" तिने विचारलं.

आक्काने सगळं एका दमात सांगून टाकलं. "वहिनी, मी वाईट आहे. त्यांची जीभ झडावी म्हणून मी देवाला साकडं घातलं होतं. रोज. मग इथे येत होते तेही त्यांच्या भल्यासाठी नाही. कबूल करून घ्यायला येत होते. लोक मला उगाच चांगली म्हणत होते. तुम्हीही तसंच समजला असाल, म्हणून सांगायला आले."

वहिनीच्या ओठांवर कोरडं हसू आलं.

"मी काय खुळी आहे? आजारी माणसाला पाणी, भूक, दुखतंय असलं काही शिकवायचं सोडून दारू आणि खोटं कोण शिकवतं? पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मग मला येऊ का दिलंत?"

"दुसरं कोण येत होतं?" वहिनीचा आवाज एकदम चढला. "फळं आणणारे दोनदा आले आणि गेले. तुम्ही रोज यायचात. तुमच्या पोटात काय आहे ते बघत बसायची चैन मला परवडणारी नव्हती. त्यांच्याशी कुणीतरी बोलत होतं, एवढंच बघायचे मी. आणि तुम्हाला काय वाटतं, प्रार्थना फक्त तुम्हीच करत होता? कुणाला तरी पाठव, असं मी म्हणत होते. तुम्ही आलात. मला दुसरं कुणी चाललं असतं."

आपल्याला देवाने पाठवलं असेल ही शक्यता आक्काच्या डोक्यात कधी आलीच नव्हती, आणि तीही अशी, नाइलाज म्हणून.

"माफ केलंय असं समजू नका," वहिनी म्हणाली. "तुम्हालाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही. पण आलाच आहात तर आत या. त्यांना कुशीवर वळवायचंय, पाठीला जखम होतेय. एकटीला जमत नाही."

आक्का आत गेली. पंचाने तिला बघितलं आणि नजर चुकवली. तिने आधी पाहिली ती चादर. चुरगळून त्याच्या पाठीखाली गोळा झालेली. "वहिनी, धुतलेली एखादी चादर आहे? आणि त्या बाजूला जा. मी म्हणेन तेव्हा ओढा." माणूस जड होता. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा तो कण्हला, आणि तिसऱ्यांदा एकदाचा कुशीवर झाला. आक्काने चादर ताणून कड गादीखाली खोचली आणि दम खात खुर्चीत बसली.

आज तिने ठरवून आणलेला एकही शब्द नव्हता. मनातल्या मनात ती देवाला म्हणाली, काय मागायचं ते मला कळेनासं झालंय, तूच बघ. तिच्या आजवरच्या मागण्यांत एवढी ढिसाळ मागणी दुसरी नव्हती.

पंच आता खिडकीकडे तोंड करून होता. त्याचे डोळे बारीक झाले. ओठ जुळले, सुटले. दोघी वाट बघत राहिल्या.

"ऊन," तो म्हणाला.

आक्का उठली आणि घाईघाईने पडदा ओढायला गेली. तो तिने नेमका उलट्या बाजूला ओढला, आणि ऊन थेट त्याच्या तोंडावर आलं.

"ऊन!" पंच चिडून म्हणाला.